यंदाचा गोठा कोण करणार?

वसईकडच्या एका गावातून एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नका, असे तिने अगदी वर लिहून खाली रेघ ओढली आहे, तेव्हा नावही नाही आणि गावही नाही. जुलैत तिचे यजमान गेले. सकाळच्या नेहमीच्या लोकलने मुंबईला कामावर गेलेला माणूस संध्याकाळी परत आला नाही. हृदय बंद पडले. मागे ती, चौदा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. पत्रात रडगाणे म्हणाल तर एका ओळीचे नाही. मृत्यूचा दाखला, बँक, विमा, मुलांची फी, सगळे तिने निस्तरले आहे. ती अडली आहे ती डिसेंबरपाशी.

ती लिहिते, “सासूबाई म्हणतात, यंदा या घरात नाताळ नाही. तारा लावायचा नाही, करंज्या नाहीत, गोठा नाही. मला त्यांचं पटतं. मलाही काही करावंसं वाटत नाही. पण परवा धाकटी विचारत होती, आई, यंदाचा गोठा कोण करणार? दरवर्षी हेच करायचे ना. मी तिला काही उत्तर दिलं नाही. तुम्हीच सांगा, काय सांगू?”

ज्या भगिनींना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून नाताळात ख्रिस्ती घरांतून त्या गोठ्याचा देखावा मांडतात. भाताच्या पेंढ्याचे छप्पर, मातीच्या मूर्ती, मेंढ्या, एखादी विहीर, आरशाच्या काचेचे तळे. आपल्याकडे मुले दिवाळीत किल्ला करतात ना, तसाच हा हौसेचा प्रकार. आणि किल्ल्यासारखाच तो बहुतेक घरांत एका ठरावीक माणसाचा असतो. तो माणूस दोन आठवडे आधीपासून पेंढा जमवतो, वायरी सोडवत बसतो, बायकोची ओरडणी खातो.

पत्र वाचल्यावर मला वाटले, मुलीने जे विचारले तेच खरे विचारण्यासारखे आहे. मोठी माणसे “सण करायचा की नाही” यावर वाद घालत बसतात. मुलीने नेमके बोट ठेवले: बाबांचे काम आता कोणाचे?

माणूस जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची कामेही जातात, आणि घराला ते एकदम कळत नाही. रोजची कामे पहिल्या महिन्यातच कुणीतरी उचलतो, कारण दूध आणावेच लागते. सणाची कामे मात्र वर्षभर माळ्यावर पडून असतात. डिसेंबर आला, माळ्यावरचे खोके दिसले की मग पोटात खड्डा पडतो. तारा कोण टांगणार? बोराच्या आकाराचे ते दिवे दरवर्षी अर्धे बंद पडायचे, ते कोण दुरुस्त करणार? केक कोण कापणार? नाताळच्या सकाळी दारात आलेल्या मुलांना सुटे पैसे कोण देणार? दुःख असे लहान लहान कामांत लपून बसलेले असते. म्हणून माझा या भगिनीला पहिला सल्ला असा की, सण करायचा की नाही हे ठरवू नका. एक कागद घ्या आणि यजमान नाताळात काय काय करीत ते लिहा. मुलांना विचारून लिहा, सासूबाईंनाही विचारा. त्यांना आठवतील ती कामे तुम्हाला ठाऊकही नसतील. लग्नाआधीचा मुलगा त्यांच्यापाशीच आहे. मग एकेका कामापुढे यंदा काय ते ठरवा. हे काम अमक्याने करायचे. हे यंदा सोडून द्यायचे. हे शेजारच्या दादांना सांगायचे. यादी दहा-बारा ओळींची होईल, फार नाही. पण पंचवीस तारखेला एकदम अंगावर येणारी गोष्ट आधीच, आपल्या हाताने, दिवसाउजेडी हाताळून झालेली असेल.

सासूबाईंविषयी आता बोलते, कारण पत्रात त्यांच्यावर नाही म्हटले तरी थोडा राग आहे. त्या जे म्हणतात ती जुनी चाल आहे. गोव्यातही दुखवट्याच्या घरात नाताळचे गोडधोड करीत नाहीत. शेजारीपाजारी त्या घरी ताट पाठवतात. गोव्यात या नाताळच्या फराळाच्या ताटाला कोंसुआद म्हणतात, मंगळुराकडे कुस्वार. आपल्या हिंदू घरांतून तरी काय वेगळे आहे? वर्षाच्या आत कुणी गेले असेल तर त्या दिवाळीला घरात तळण नाही, आकाशकंदील नाही. फराळ येतो तो माहेरून, सोयऱ्यांकडून, शेजाऱ्यांकडून. ही चाल ज्यांनी घातली ती माणसे कठोर नव्हती. नीट पाहा, त्या घराला गोड खाण्याची बंदी नाही. बंदी आहे ती चुलीपुढे राबण्याची. ज्या बाईचा नवरा गेला तिने कढईपाशी उभे राहून दोन किलोचा घाणा काढू नये, तिच्यासाठी दुसऱ्यांनी काढावा, एवढाच त्याचा अर्थ. आजकाल आपण “असल्या रूढी कशाला” म्हणून चाल मोडतो आणि मग शोकात बुडालेल्या बाईलाच विकतचा केक आणायला बाजारात पाठवतो. यात शहाणपण कोणते?

तेव्हा सासूबाईंशी भांडू नका. त्यांचा मुलगा गेला आहे. तुमचे जे गेले ते तुम्हाला दिसते. त्यांचे जे गेले त्याला आपल्या भाषेत नावसुद्धा नाही. नवरा गेलेल्या बाईला शब्द आहे, आईबाप गेलेल्या पोराला शब्द आहे, लेकरू गेलेल्या आईला नाही. त्या “नाताळ नाही” म्हणतात तेव्हा बहुधा एवढेच सांगत असतात की, माझ्या मुलाशिवाय हे सगळे तसेच चालू राहिलेले मला पाहवणार नाही. त्यांना विचारा, “आई, काय नको वाटतं? गाणी नकोत, की तारा नको, की माणसं नकोत?” सगळेच नको असे क्वचितच निघते. एका ठिकाणी आजींना फक्त बाहेरचा दिव्यांचा तारा नको होता, का तर रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल यांच्याकडे काही झालेच नाही. आतला गोठा त्यांना चालत होता. दाराबाहेरचा सण आणि दाराआतला सण यांत फरक असतो, तो त्या आजींनी बरोबर ओळखला.

आता गोठा. माझे मत विचाराल तर गोठा करावा. लहान करावा, पण करावा, आणि तो मुलांनी करावा. मोठ्याच्या हाती पेंढा आणि सुतळी द्या, धाकटीला मूर्ती पुसायला द्या. छप्पर वाकडे झाले तर वाकडे राहू द्या. “बाबा असं नव्हते करत” हे वाक्य मुलांपैकी कुणीतरी म्हणणारच, म्हटले तर “मग कसं करायचे?” असे विचारावे. त्या एका प्रश्नावर मुले अर्धा तास बापाविषयी बोलतात, आणि हेच बोलणे एरवी काही केल्या त्यांच्या तोंडून निघत नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा. “आता तूच या घरातला पुरुष” असे मुलाला म्हणू नका आणि येणाऱ्याजाणाऱ्या कुणाला म्हणू देऊ नका. मामा म्हणतात, काका म्हणतात, प्रेमाने म्हणतात. पण चौदा वर्षांच्या पोराला बापाचे काम देणे वेगळे आणि बापाची जागा देणे वेगळे. गोठा बांधायला त्याला आवडेल. बाप व्हायला सांगितले तर तो एक तर गप्प होईल नाहीतर घराबाहेर राहायला लागेल. धाकटीचे उलट असते. ती आता हमसून रडेल आणि पाच मिनिटांनी शेजारच्या मुलीबरोबर दोरीवरच्या उड्या मारेल. तिला दुःख नाही असे समजू नये. मुले दुःख घोटाघोटाने घेतात.

गोठ्यात हिरवे शेत हवे असेल तर त्याला आधीपासून तयारी लागते. काही घरांत त्यासाठी धान्य पेरतात. घटस्थापनेला आपण मातीत धान्य पेरतो आणि नऊ दिवसांत ते टोपलीभर उगवते, तीच ही रीत. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवून पसरट ताटलीत बोटभर माती घेऊन त्यावर दाट पसरावी, वर मातीचा हलका थर द्यावा, पहिले दोन दिवस ओल्या फडक्याने झाकावे, मग उजेडात ठेवून रोज नुसते पाणी शिंपडावे. पंधरा डिसेंबरच्या सुमारास पेरले म्हणजे चोवीसपर्यंत गहू चार बोटे वर येतो. पाणी घालायचे काम धाकटीकडे द्या. घरात काहीतरी रोज वाढताना दिसते, ते बरे असते.

तळणाचे काय? सासूबाईंना घरात कढई नको असेल तर तोही मान राखावा. पण कुलकुलांची एक गंमत आहे, ती सोडू नये असे मला वाटते. कुलकुले एकट्याने होत नाहीत. पिठाची सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि शिंपल्यासारखी वळवून घ्यायची. अशा दोन-तीनशे गोळ्या. म्हणून सगळे घर परातीभोवती बसते. आणि हात कामात असले की तोंड आपोआप सुटते. समोरासमोर बसवून “बोल बाई, मन मोकळं कर” म्हटले तर कुणी बोलत नाही. नजर परातीत असली की बोलता येते. तेव्हा पीठ तुमच्याकडे भिजवा, वळायला सगळे बसा, आणि तळून द्यायला शेजारच्या वहिनींकडे पाठवा. सासूबाईंचा शब्दही राहील.

प्रमाण थोडेच देते, कारण यंदा डबे भरायचे नाहीत. दोन वाट्या मैदा, दोन चमचे पातळ तूप, दोन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एक अंडे, आणि मावेल तेवढे नारळाचे घट्ट दूध. पुरीच्या पिठापेक्षा जरा मऊ भिजवून ओल्या फडक्याखाली तासभर ठेवावे. वळून झाली की मध्यम आचेवर थोडी थोडी तळावीत; आच मोठी झाली तर वरून लाल आणि आत कच्ची राहतात. एक वाटी साखरेचा पक्का पाक करून त्यात घोळवली की साखर वर सुकून पांढरी दिसते. अंडे नको असेल तर दूध थोडे जास्त लागते, इतकेच.

सोबत बसलात की यजमानांच्या गोष्टी निघतील. निघू द्या. आपल्याकडे एक समजूत आहे की मुलांसमोर गेलेल्या माणसाचे नाव काढू नये, मुलांना वाईट वाटते. मुलांना वाईट वाटलेलेच असते. नाव न काढल्याने एवढेच होते की, या विषयावर बोलायचे नाही असे ती समजतात आणि एकेकटी कुढतात. आणि गोष्टी सगळ्या थोर निवडू नयेत. ते दिव्यांच्या माळेवर कसे चिडत, केकचा कडेचा तुकडा कसा चोरून खात, हेही यायला हवे. नुसता चांगला चांगला बाप सांगितला की काही वर्षांनी तो तसबिरीतलाच होतो.

या भगिनीच्या नणंदेने तिला फोनवर सांगितले आहे म्हणे की, दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि तू अजून रागाच्या पायरीवर आहेस. त्या पायऱ्यांची हकीकत मुद्दाम सांगते. एलिझाबेथ क्युबलर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली लिहिलेल्या पुस्तकातून त्या आल्या, आणि ते पुस्तक होते स्वतः मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांविषयी. मागे राहिलेल्यांनी ओळीने चढायचा जिना म्हणून ते लिहिलेले नव्हते. घरातल्या अनुभवाशी मला अधिक जुळते वाटते ते नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट यांचे म्हणणे. १९९९ साली त्यांनी मांडले की, शोकातला माणूस दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत असतो म्हणा ना: कधी गेलेल्याच्या आठवणीत, तर कधी पुढच्या संसाराच्या विवंचनेत. दोन्हीकडे जाणे निरोगीच. एकाच खोलीत कडी लावून बसले की अडते. म्हणजे पिठात हात असताना हसू आले आणि दहा मिनिटांनी डोळे भरले, तर त्यात चुकीचे काही नाही. “नवऱ्याला जाऊन सहा महिने झाले नाहीत आणि हसते कशी” असे म्हणणारी बाई प्रत्येक गल्लीत एक असतेच. तिच्याकडे कुलकुलांचे ताट पाठवावे आणि पुढे चालावे.

चर्चचा प्रश्न तिने शेवटी लिहिला आहे. मध्यरात्रीच्या मिस्साला ते चौघे पाचवे धरून एका बाकावर बसत, म्हणजे यजमान, ती, दोन मुले आणि सासूबाई. आता त्या बाकावर जायचे धैर्य होत नाही. तर न जावे. नाताळाला मिस्सा काही एकच नसतो. मध्यरात्रीचा, पहाटेचा आणि दिवसाचा असे तीन जुन्या परंपरेतच आहेत. पहाटेच्या मिस्साला गर्दी कमी, नटूनथटून आलेली माणसे कमी, आणि “कशी आहेस?” म्हणून हात धरणारेही कमी. बाकही दुसरा धरावा. यजमानांच्या नावाने मिस्सा सांगायचा असेल तर फादरांशी आधी बोलून ठेवावे, त्या दिवसांत मागणी फार असते. दफनभूमीवर जायचे तर चोवीसच्या सकाळी जाऊन या. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबर साफ करून मेणबत्त्या लावल्या असतीलच. पुन्हा जायला काही हरकत नाही. मुलांना यायचे असेल तर न्या, नसेल यायचे तर ओढून नेऊ नका.

आणि पंचवीसला काहीच जमले नाही, उठवलेसुद्धा नाही, तर? तर नाताळ संपला असे समजू नये. जुन्या रीतीने हे दिवस सहा जानेवारीपर्यंत चालतात, तीन राजांच्या सणापर्यंत. गोव्यात रेइश मागुश, कासावली, चांदोर इथे तो आजही थाटाने होतो. या बारा दिवसांतला कोणताही एक दिवस तुमचा. अठ्ठावीस डिसेंबर तर हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांच्या आठवणीचाच आहे. म्हणजे ज्यांनी हा सण लावला त्यांनी आनंदाच्या चौथ्याच दिवशी रडणाऱ्या आयांना जागा ठेवली होती. आम्ही मात्र बाजारातल्या घंटा ऐकून समजतो की या दिवसांत रडणाऱ्याने घरात बसावे. युरोप-अमेरिकेतली काही चर्चे आता एकवीस डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी शांत उपासना ठेवतात. गाणी हळू, दिवे थोडे. आपल्या धर्मग्रामांतल्या महिला मंडळांनी ही गोष्ट मनावर घेतली तर अवघड नाही. एक खोली, वीस मेणबत्त्या आणि तासभर वेळ.

गेलेल्या माणसाचे अर्धे राहिलेले काम उचलण्याविषयी लिहिताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी गेले तेव्हा येशूचे चरित्र सांगणारे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ नुकते कुठे सुरू झालेले होते. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या; लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पण त्या काव्याचा बहुतेक भाग पुढे त्यांनीच रचला. ग्रंथ १९३८ साली निघाला, तोवर त्याही गेल्या होत्या, १९३६ मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ आपण सगळ्यांनी वाचलेली असतात, हे दुसरे काम कमी जणींना माहीत असते. आता गोठा म्हणजे काही महाकाव्य नव्हे, हे मलाही कळते. पण नवऱ्याचे काम हाती घेतल्याने तो रोज थोडा वेळ घरात असतो, हे त्यांना उमगले असावे असे मला आपले वाटते.

एक अगदी आजची गोष्ट, आणि ती लवकर करण्यासारखी. यजमानांचा फोन तिने कपाटात ठेवला आहे. त्यात मुलांसाठी बोलून पाठवलेले निरोप आहेत, गेल्या नाताळची चित्रफीत आहे. हे सगळे आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मुलाला येत असेल, नाहीतर ओळखीच्या दुकानदाराला समोर बसून करायला सांगा, फोन त्याच्याकडे सोडून येऊ नका. फोन बंद राहिला की त्याची बॅटरी खराब होते, आणि क्रमांकाचे पैसे भरले नाहीत तर तो काही महिन्यांनी बंद होऊन पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग एखाद्या रात्री धाकटीने बाबांचा नंबर लावला आणि पलीकडून परका माणूस बोलला तर? तो आवाज लगेच ऐकायलाच हवा असे नाही. जपून ठेवायला मात्र हवा. यजमानांचे धाकटे भाऊ आखातात आहेत, यंदा त्यांना रजा नाही. त्यांनाही यातले एक-दोन निरोप पाठवा. परक्या मुलखात, एका खोलीत चौघांबरोबर राहून भावाचे दुःख करणे सोपे नसते. इथे निदान रडायला दार लावता येते.

पाच महिन्यांत झोप न येणे, भूक जाणे, मध्येच फाटकाकडे कान लागणे हे आजार नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत लांबलेला शोक हा विकार म्हणून घातलेला आहे, पण त्यासाठीही निदान सहा महिने लोटावे लागतात, आणि दुःख आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा फार पुढे जाऊन रोजचे जगणेच थांबलेले असावे लागते. मात्र आपणही जावे असे मनात येऊ लागले, किंवा मुलगा बोलेनासा झाला, तर महिने मोजत बसू नका. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पाय मोडला तर आपण डॉक्टरकडे जातोच.

आता थोडे शेजारणींसाठी, कारण हे पत्र वाचून पुष्कळ जणींना अशीच एखादी गल्लीतली बाई आठवली असेल. ताट पाठवा, पण मुलाच्या हाती देऊन दारातून परत बोलवू नका. स्वतः जा. आत जाऊन बसा. “देवाची इच्छा” म्हणू नका, “मुलांकडे बघून सावर” म्हणू नका. ती मुलांकडे बघूनच उभी आहे. “काही लागलं तर सांग” हेही नको, कारण लागले तरी कुणी सांगत नाही. त्यापेक्षा “मी शनिवारी बाजारात चालले आहे, तुझी पिशवी दे” असे म्हणा. आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन काहीतरी खरे सांगा. मागच्या वर्षी त्यांनी आमच्या ताऱ्याची वायर जोडून दिली होती, एवढे सांगितले तरी पुरे. तिला ते ठाऊक नसेल तर ती तुम्हाला दोनदा सांगायला लावेल.

ताटाविषयी राहिलेच. आलेले ताट रिकामे परत करू नये ही आपली रीत, आणि पत्रात ही चिंताही आहे: घरात काही केलेच नाही तर परतीच्या ताटात घालू काय? यंदा रिकामे दिलेत तरी कुणी नाव ठेवणार नाही. हात अगदीच धजत नसेल तर साखरेची एक वाटी ठेवा. नाहीतर तुमच्या पत्रात यजमानांनी लावलेल्या राजेळीचा उल्लेख आहे. तिचा घड उतरला असेल तर दोन-दोन केळी ठेवा, आणि कुणाच्या हातची आहेत ते सांगून द्या.